मामंजी, पाणी प्या

मामंजी, दवाखान्यातून घरी आलात त्या दिवशी मी खाटेवर नवी गादी घातली होती आणि तुम्ही तिच्यावर बसला नाहीत. व्हरांड्यातलं लाकडी स्टूल ओढलंत, त्यावर बसलात आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून अंगणाकडे पाहत राहिलात. यांनी दोनदा म्हटलं, "बाबा, आत या, पडा जरा." तुम्ही म्हणालात, "बरं आहे इथंच. हवा लागते." हवा कसली, ऑक्टोबरचं ऊन होतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. मला तेव्हा काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी दूध आणायला पहाटे दार उघडलं तर तुमचं धोतर दोरीवर वाळत होतं, पिळून, झटकून, टोकाला टोक लावून. आपल्या घरात सगळ्यांचे कपडे मी धूत होते. लग्न होऊन आल्यापासून तुमचं धोतर कधी तुमच्या हाताला लागू दिलं नव्हतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दोन धोतरं होती. मग स्टूलही कळलं आणि गादीही कळली.

सून होते म्हणून विचारता आलं नाही. तुमच्यासमोर मी डोक्यावरचा पदर कधी पडू दिला नाही, तुम्ही बसलेल्या खोलीत कधी खाटेवर टेकले नाही, आणि जेवायला वाढलंय एवढं सांगायलाही दारात उभी राहून मुलींपैकी एकीला पुढे करायची. आत्याबाई, माझ्या सासूबाई, होत्या तोवर त्या मधे होत्या. त्या गेल्यावर तुमचं माझं बोलणं मुलींच्या तोंडून चालायचं, आणि मुली शाळेत गेल्या की घर मुकं व्हायचं. अशा घरात लघवीचं नाव कोणी कसं काढावं?

पण नाव न काढण्यानंच तर सगळं झालं होतं. तुम्ही मालगाडीचे गार्ड, दुर्ग-गोंदिया लाईनवर सगळी नोकरी काढलीत. रिटायर होऊन आमच्याकडे भिलाईला आलात तेव्हापासून तुम्ही मोरीत गेलात की बाहेर यायला किती वेळ लावता ते मला ऐकू यायचं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये काय लपतं? धार सुरू होत नव्हती, झाली की तुटत होती. तुम्ही नळ सोडून ठेवायचात, आवाज झाकायला. वर्षानुवर्षं असं चाललं आणि एक दिवस पूर्ण बंद झालं. पोट ढोलासारखं तट्ट फुगलं, तोंडाला घाम. हे ड्यूटीवरून धावत आले, शेजाऱ्याच्या जीपमधून तुम्हाला स्टील प्लांटच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टर तुमच्यावर रागावले. "बाबा, इतने साल किससे छिपा रहे थे?" पोट उघडून प्रोस्टेटची गाठ काढली. टाके, नळी, पिशवी. मग नळी निघाली आणि तुम्हाला वाटलं, सुटलो. गाठ गेली, धार मोकळी झाली. पण ती आता तुमच्या हातात राहिली नव्हती.

यांना डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते यांनी मला अर्धंच सांगितलं. हे टाइम ऑफिसात क्लार्क, हजार माणसांची हजेरी तोंडपाठ, पण वडलांच्या लघवीची गोष्ट बायकोजवळ बोलायची म्हणजे कान लाल व्हायचे. "होते म्हणे कधी कधी असं. होईल बरं." एवढंच. तुम्ही मात्र ठरवून टाकलं होतं. टाके सुकल्यावर एका सकाळी चहा पिता पिता तुम्ही यांना म्हणालात, "मी गावाले जातो. घर रिकामं पडलं आहे, कौलं पाहायची आहेत." गाव तुमसरच्या पलीकडे, तुमच्या घराला कुलूप, विहीर शेताच्या टोकाला, चुलत्यांची मुलं नागपूरला निघून गेलेली. तिथे तुम्हाला भाकर कोण देणार होतं? "कौलं उन्हाळ्यात पाहू," हे म्हणाले. "नाही, आताच जातो. एकटा माणूस एकटा बरा." मी आत पीठ मळत होते. ऐकून मला कळलं. तुम्ही कौलं पाहायला जात नव्हतात. तुम्ही अशा ठिकाणी चालला होतात जिथे तुमची खाट ओली झालेली कोणी पाहणार नाही, आणि तुम्ही आजारी पडलेलंही कोणी पाहणार नाही.

रात्री मी यांना म्हटलं, बाबांना जाऊ द्यायचं नाही. हे म्हणाले, "त्यायनं ठरवलं आहे. त्यायचा शब्द मी कधी मोडला का?" मी म्हटलं, "तुमी नका मोडू. मी मोडतो." आपल्याकडे बाया 'करतो, जातो' असंच बोलतात, मी बोलून गेले. यांना हसू आलं.

तुमच्या औषधाची चिठ्ठी संपली होती. ते निमित्त करून मी दवाखान्यात गेले, एकटी, बसने. डॉक्टर बंगाली होते, हिंदी त्यांची बरी होती आणि माझी तोडकीमोडकी. मी डोळे खाली घालून विचारलं, बाबांचं थांबत का नाही? त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. एक बाई एवढं विचारायला आली याचं त्यांना नवल वाटलं असावं. ते म्हणाले, "देखिए, बरसों से पेशाब की थैली ज़ोर लगा-लगाकर धक्का मार रही थी. दरवाज़ा अब खुल गया, पर धक्का मारने की आदत नहीं गई." म्हणजे ज्यानं दुखणं जितकं लांबवलं तितकं त्याचं मागाहून अवघड. वयही आलंच, म्हाताऱ्या शरीराला वेळ लागतो. नळी असते तोवर आत खरचटतं, आणि जंतू शिरले असतील तर आग होते, वारंवार लागते, म्हणून त्यांनी लघवी तपासायला सांगितलं. साखर तुम्हाला नव्हती, अंगावर चरबी नव्हती, ते चांगलं होतं म्हणाले. खोकला मात्र होता, विडीचा. आणि संडासला साफ होत नव्हतं. खोकला काय नि कुंथणं काय, दोन्हीचा दाब खालीच जातो. "और नीचे एक छोटी मांसपेशी है. अब तक गाँठ ही रास्ता दबाके बैठी थी, तो इसको मेहनत नहीं थी. अब अकेली को सीखना है." मी विचारलं, पूर्ण बरं होईल ना? ते म्हणाले, "ज़्यादातर लोगों का हो जाता है. किसी को हफ़्ते लगते हैं, किसी को महीने. किसी-किसी का थोड़ा रह जाता है. मैं वचन नहीं देता." मला त्या माणसाचं हे आवडलं. वचन दिलं असतं तर मी कमी विश्वास ठेवला असता.

ती मांसपेशी कशी शिकवायची ते त्यांनी केरळच्या एका सिस्टरला सांगायला लावलं. सिस्टरनं मला पडद्यामागे नेलं, समजावू लागली, मला कळेना. मग ती हसून म्हणाली, "अरे, बच्चा हुआ है न आपको? बच्चे के बाद जो करते हैं, वही." आणि मला एकदम कळलं. मला हे येत होतं. मला हे कित्येक वर्षांपासून येत होतं.

घरी येऊन पाहिलं तर तुमच्या उशाशी ठेवलेला तांब्या तसाच भरलेला होता, सकाळी ठेवला तितकाच. आता तेही समजलं. गार्डाची ड्यूटी म्हणजे शेवटच्या डब्यात, ब्रेकव्हॅनमध्ये, एकटा माणूस, तिथे संडास नाही, मोरी नाही, आणि मालगाडी लूपमध्ये, बाजूच्या रुळावर, घातली की मागून येणारी मेल, पॅसेंजर जाईपर्यंत तासन् तास उभी. तुम्ही ड्यूटीच्या आदल्या जेवणापासून पाणी सोडायचात. आत्याबाई सांगायच्या, लाईनवरचे सगळेच तसे, पाणी कमी प्यायचं आणि दाबून ठेवायचं, तीच त्यांची शिकवण. ती शिकवण तुम्ही आताही चालवत होतात. पाणी नाही तर लघवी नाही, असा हिशेब. आणि शिवाय लागो न लागो, उगाच उठून मोरीत जायचं, आधीच रिकामं करून ठेवायला.

आता हे तुम्हाला सांगायचं कसं? मी शेगडी पेटवत होते. तुम्ही व्हरांड्यात सायकलच्या चेनला तेल घालत होतात, मधे फक्त दार. आमच्या माहेरी माझी काकू मोठ्या दिरांशी असंच बोलायची, चुलीला सांगून. मीही तसंच केलं. "शेगडीबाई," मी मोठ्यानं म्हटलं, "आज मी दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर म्हणे का पाणी कमी प्यालं तं लघवी तिखट होते. थैलीले झोंबते. मंग थैली अजूनच बाहीर ढकलते."

बाहेर तेलाच्या डबीचा आवाज थांबला. मग तुम्ही सायकलला म्हणालात, "आयकलं का? अख्खी नोकरी ब्रेकव्हॅनमंधी काढली. पाणी सोडलं का गाडी बिनघोर चालते. हा कोण डॉक्टर मले शिकवून राहिला?"

"शेगडीबाई, गार्डाची गाडी वेगळी अन् टाके पडलेल्या माणसाची वेगळी."

"सायकलबाई, तिच्या शेगडीले सांग, लय तोंड सुटलं तिले."

मला हसू आवरेना, पदर तोंडात धरला. पण जेवताना तुम्ही मुलीला म्हणालात, "पाणी दे व," आणि पेला रिकामा केलात. दुसऱ्या दिवशी तांब्या अर्धा झाला. हे संध्याकाळी घरी आले की न बोलता तांब्या उचलून पाहायचे, आणि कमी असला की भरून ठेवायचे. तुमचा हा मुलगा बोलत नसे, पण एवढं करत असे. संडासला साफ व्हावं म्हणून मी भाजीत पालक, चवळी वाढवली, काळा चहा कमी केला. विडी तुम्ही सोडली नाहीत, पण अंगणाच्या पलीकडे नेलीत आणि कमी केलीत. मी आत्याबाईंची जुनी लुगडी काढली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. त्यांच्या घड्या घालून, कडा शिवून लंगोटात ठेवायच्या पट्ट्या केल्या आणि तुमच्या फळीवर धोतराखाली सरकवून ठेवल्या. त्यावर शेगडीशीही बोलले नाही. दुसऱ्या पहाटे दोरीवर धोतर नव्हतं, पट्ट्या होत्या, उलट्या टांगलेल्या, काठ दिसू नयेत म्हणून. प्लांटची तांबडी धूळ त्यांच्यावर बसायच्या आत मी त्या उचलून आणायची.

हे इतपत तुम्ही चालवून घेतलं. पण मांसपेशीचं मी काढलं तेव्हा तुम्ही रागावलात. मी शेगडीला सांगत होते की चारचौघांत बसलं असताना पोटात वारा फिरला तर माणूस जसं आतून आवरतो, तसं आवरायचं, मग सोडायचं. तेवढंच बोलले, आणि तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. पहिल्यांदा तुम्ही सायकल सोडून माझ्याशी बोललात. "सुनबाई, या घरात काही लाज राहिली का नाही? उद्या शेजारपाजारी सांगशीन, सासऱ्याचं काय चालू आहे ते." मी मान खाली घातली. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. यांनी मला विचारलं, "कावून बोलली तू?" मी म्हटलं, "दुसरं कोणी बोलत नाही म्हणून बोललो." मग मी भांडी घासायला बसले. पण मी रडले नाही, आणि चुकलं असंही मला वाटलं नाही.

मग संक्रांत आली. यांच्या सेक्शनचे साहेब, आपल्याकडचेच, अमरावतीचे, बायकोला घेऊन तिळगूळ द्यायला आले. तुम्ही बऱ्याच दिवसांनी पांढरा सदरा घालून वेताच्या खुर्चीवर बसला होतात. साहेब रेल्वेच्या गोष्टी विचारू लागले, तुम्ही खुलत गेलात. डोंगरगडच्या चढावर इंजिन थकलं आणि ड्रायव्हरनं देवीला नवस बोलला ती गोष्ट सांगू लागलात, सगळे हसले, तुम्हीही हसलात, हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. मी ताट घेऊन दारात होते. तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही गोष्ट अर्धी सोडलीत, पण उठला नाहीत. खुर्चीच्या वेतातून खाली फरशीवर थेंब पडत होते. साहेबांच्या बायकोनं पाहिलं आणि पायाजवळच्या निऱ्या हळूच वर घेतल्या. ते गेल्यावर तुम्ही पलंगाखालची पत्र्याची ट्रंक ओढलीत.

हे साहेबांना चौकापर्यंत पोचवायला गेले होते, मुली हळदीकुंकवाला. घरात तुम्ही आणि मी. तुम्ही ट्रंकेत कपडे भरत होतात, हिरवा आणि लाल झेंडा तळाशी होते, त्यांच्यावर धोतरं. मी दारात उभी राहिले. उंबऱ्यात मधोमध. तुम्ही म्हणालात, "बाजूले सरक, बाई."

"नाही सरकत," मी म्हटलं. शेगडी दुसऱ्या खोलीत होती. मी तुमच्याशीच बोलत होते. "तुमी कुठं जात नाही, मामंजी."

"मी कुठं जायचं ते तू सांगशीन का मले?"

"आज मी सांगतो. गावाले कोण आहे? विहिरीवरून कळशी तुमी आणसान? उचलसान अन् पुन्हा कपडे बदलसान? तिथं पाणी अजूनच सोडसान. मंग ताप यीन, अन् आमाले कोणी कळवणार बी नाही."

"इथं काय होऊन राहिलं ते पाह्यलं ना आत्ताच! लेकाच्या साहेबासमोर." तुमचा आवाज फाटला. "माणूस होतो मी. अख्खी गाडी माह्या झेंड्यावर चालत होती, अन् आता हे माह्या हातात नाही. तुले काय कळते?"

आणि मी सांगितलं. यांनाही कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. म्हटलं, "मले कळते. धाकटीच्या बाळंतपणानंतर मले असंच झालं होतं. बादली उचलली का लुगडं ओलं. शिंक आली का ओलं. मी नळावर सगळ्या बायांच्या आधी जाऊन येत होतो, कोणी पाहू नये म्हणून. लग्नाकार्याले जात नव्हतो. वर्सभर. आता नाही होत. पाहून राहिले ना तुमी, दोन्ही हातात भरलेल्या बादल्या आणतो मी."

तुमच्या हातात घडी केलेलं धोतर होतं. तुम्ही ट्रंकेच्या कडेवर बसलात, माझ्याकडे न पाहता. मग विचारलंत, "तुले कोणं सांगतलं होतं मंग?"

"आत्याबाईनं. त्यायनंच शिकवलं. वारा आवरतो तसं आवर, पोट आत नको ओढू, श्वास नको धरू, मांड्या नको दाबू, फक्त तेवढंच, अन् मंग सोड. त्यायलेही यांच्या वेळेस झालं होतं म्हणे."

तुम्ही मान वर केलीत. "तिले? मले कधी नाही सांगतलं तिनं."

"तुमी लाईनवर राहत होते," मी म्हटलं.

तुम्ही ते धोतर मांडीवर ठेवून हाताने सारखं करत राहिलात. बाहेर फाटकाची कडी वाजली, हे आले. ट्रंक उघडी पाहून दारातच थांबले. तुम्ही त्यांना म्हणालात, "कपडे लय कोंबले होते, लावून ठेवून राहिलो." आणि मला म्हणालात, "चहा टाक. दुधाचा टाक. काळा नको."

त्यानंतरच्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. मुली शाळेत, हे जनरल शिफ्टला. तुम्ही व्हरांड्यात स्टुलावर, मी आत भिंतीला टेकून जमिनीवर, मधे दार अर्धं उघडं. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन मी पुडीच्या कागदांवर केलं आणि मग मराठी मंडळाच्या कपाटातल्या पुस्तकांवर. तुमचं ते आवरणं-सोडणं आणि माझं वाचणं कसं जुळलं ते आपण कधी ठरवलं नाही. मी मोठ्यानं वाचत असे आणि एका दुपारी माझ्या लक्षात आलं की मी वाक्य सुरू केलं की तुमचं बोलणं, खाकरणं थांबतं आणि वाक्य संपलं की तुम्ही हलकेच सुस्कारा सोडता. मग मी एक वाक्य वाचून तेवढाच वेळ गप्प राहू लागले. वाक्यभर आवरायचं, तेवढंच सोडायचं. श्वास मात्र चालू. सुरुवातीला लहान मुलांच्या गोष्टी आणल्या, त्यातली वाक्यं आखूड. पुढे कादंबऱ्या आणल्या. एकदा एक वाक्य अर्धं पान चाललं, शेवटी तुम्ही बाहेरून ओरडलात, "अव बाई, या लेखकाले टिंब देता येत नाही का कुठं? मारते का मले?" मी इतकी हसले की माझ्याच पोटात कळ आली.

मोरीत उगाच जाण्याचंही तुम्हीच बसवलंत. ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमलं, तुमच्याच खात्यातलं काम होतं. लागली की लगेच धावायचं नाही, थोडं थांबायचं, आवरायचं, जोर ओसरू द्यायचा, मग जायचं. रोज थोडं लांबवायचं. तुम्ही उठता उठता पुन्हा बसायचात आणि सायकलला सांगायचात, "गाडी आऊटरले उभी केली, स्टेशनाच्या बाहीर. सिग्नल नाही अजून." कधी सिग्नलच्या आधीच गाडी आत यायची. तेव्हा तुम्ही पट्टी बदलायचात, आणि मी दुसऱ्या खोलीत काहीतरी आपटून आवाज करत असे. सरळ बरं होत गेलं असं झालं नाही. चार दिवस कोरडे जायचे आणि सर्दी झाली की पुन्हा पहिल्यासारखं. होळीच्या सुमाराला जंतू झाले, ताप आला, पुन्हा दवाखाना, गोळ्या. तुम्ही ट्रंकेकडे पाहायचात. मी तुमच्याकडे पाहायची. ट्रंक ओढली मात्र गेली नाही.

उन्हाळ्यात एका सकाळी तुम्ही सायकल घेऊन गेलात. मला वाटलं, चौकात. दुपार झाली, जेवण निवलं, तुमचा पत्ता नाही. मी फाटकात उभी. तुम्ही आलात ते घामानं निथळत, उन्हानं लाल झालेले. भिलाई-३ ला जाऊन आला होतात, तुमच्या जुन्या सोबत्यांजवळ यार्डाच्या कुंपणाला टेकून मालगाड्या पाहत बसायला. फाटकातच म्हणालात, "पाणी दे." दोन तांबे प्यालात, लागोपाठ, मान मागे टाकून, आणि मग तोंड पुसत म्हणालात, "कोरडा आलो." तुम्ही ते सायकलला सांगितलं नाहीत.

पुरतं कधीच गेलं नाही. जोरात शिंक आली, जड काही उचललं की थेंब जायचे, शेवटपर्यंत, आणि प्रवासाला निघताना तुम्ही एक पट्टी सोबत घ्यायचात. डॉक्टरांनी सांगितलंच होतं. पण तुम्ही धाकटीच्या लग्नात पंगतीत बसलात, नागपूरला गाडीनं गेलात, आणि बरीच वर्षं आमच्याबरोबर राहून हृदयाच्या दुखण्यानं गेलात, तुमच्याच खाटेवर, कोरड्या गादीवर. तुम्हाला मी कधी आंघोळ घातली नव्हती, शेवटच्या दिवशी बायांनी विचारलं तेव्हा मी मागे सरकले आणि यांना पुढे केलं. तो मान तुमचा होता.

आता हेही नाहीत. मागच्या पावसाळ्यात गेले. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही दुर्गला, मोहन नगरात दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथे मी राहते, मोठी मुलगी जवळ आहे. यांच्या जाण्याचं दुःख दिवसाचं काम करू देतं, हात अडवत नाही, पण उठल्यापासून सोबत असतं. काल पलीकडच्या घरातली सून आली होती, बिलासपूरकडची मुलगी, माझ्याशी हिंदीत बोलते. तिच्या सासऱ्याचं तेच ऑपरेशन झालं आहे, आता म्हणे नळीतूनच करतात, पोट कापत नाहीत. "आंटी, बाबूजी बाहर ही नहीं निकलते. पानी भी नहीं पीते." ती बोलतानासुद्धा पदर डोक्यावर घेत होती. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, लघवी तपासून घे, पाणी पाज, खोकल्याकडे बघ, संडासकडे बघ, महिने लागतील, घाबरू नको, थोडं राहिलं तर राहिलं. ती म्हणाली, "उनसे कैसे कहूँ?" मी म्हटलं, मी सांगेन कसं ते. रात्री वाटलं, सगळं नीट लिहून तिच्या हाती द्यावं. सकाळी कागद घेतला आणि पहिला शब्द आला तो मामंजी.

तिला मी हिंदीत वेगळं लिहून देईन. हे कागद तुम्हाला पोचत नाहीत आणि तिला देता येत नाहीत, कारण मला अजून एक लिहायचं आहे. सगळे म्हणायचे, सून म्हणावी तर अशी, सासऱ्यासाठी उंबऱ्यात उभी राहिली. हेही म्हणायचे. मी कधी नाही म्हटलं नाही. पण मामंजी, त्या क्वार्टरमध्ये दिवसभर मी एकटी होते, आणि तुम्ही सायकलशी बोलायला लागल्यापासून नव्हते. तुम्ही ट्रंक ओढलीत तेव्हा मला तुमच्या दुखण्याची काळजी होती, हे खरं. त्याहून जास्त काळजी होती की उद्यापासून दुपारी मी शेगडीशी बोलेन आणि बाहेरून कोणी उत्तर देणार नाही.